‘मानव-वन्यजीव संघर्ष’: यातला मानव कोण?

अवनीचं नाव आपल्याला माहीत आहे. यवतमाळ जिल्ह्यातल्या पांढरकवडा-राळेगाव भागातली ही वाघीण, वनखात्याच्या कागदावरची टी-१, २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री गोळी लागून मेली. ती मरण्याआधीच तिचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाऊन आलं होतं. मेल्यानंतर शहरांत निषेध झाले, हॅशटॅग चालले, राजकारण्यांनी एकमेकांवर आरोप केले. दोन वर्षांतल्या १३ माणसांच्या मृत्यूंचा संबंध तिच्याशी जोडला गेला होता. त्या १३ पैकी एकाचं तरी नाव तुम्हाला सांगता येईल?

हा प्रश्न मी हॉस्टेलमध्ये, सेमिनारमध्ये, वन्यजीवांवर काम करणाऱ्या मित्रमैत्रिणींमध्ये विचारत आले आहे. उत्तर येत नाही. ताडोब्यातल्या वाघांची नावं मात्र पर्यटकांना तोंडपाठ असतात: माया, मटकासूर, वाघडोह. २००९ मध्ये टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेला एक बिबट्या रेडिओ कॉलर लावून माळशेज घाटात सोडला. तो जवळजवळ १२० किलोमीटर चालत मुंबईच्या उंबरठ्यावर पोचला. संशोधकांनी त्याचं नाव ‘आजोबा’ ठेवलं आणि २०१४ मध्ये त्याच्यावर मराठी सिनेमाही आला. मला तो सिनेमा आवडला होता. पण बिबट्याच्या हल्ल्यात मेलेलं पोर बातमीत ‘ऊसतोड कामगाराचा मुलगा’ एवढंच असतं. (मीही इथे कुणाचं नाव लिहीत नाही. घरच्यांना न विचारता त्यांचं दुःख छापणं हा दुसरा अन्याय आहे.)

वन्यजीवशास्त्रात ‘मानव-वन्यजीव संघर्ष’ असा शब्दप्रयोग रुळला आहे. त्यातल्या ‘वन्यजीव’ या अर्ध्या भागाबद्दल आपल्याला भरपूर माहिती असते. प्राणी नर की मादी, वय किती, कोणत्या पट्ट्यात फिरतो, काय खातो. ‘मानव’ या अर्ध्या भागात मात्र फक्त एक आकडा असतो. समाजशास्त्राच्या विद्यार्थिनीला हा शब्द लगेच खटकतो, कारण आपल्या देशात नुसता मानव कुठेच राहत नाही. तो गावात राहतो किंवा गावाबाहेर, पक्क्या घरात किंवा पाल्यात, स्वतःच्या बांधावर किंवा दुसऱ्याच्या.

आधी प्राण्यांचं बोलू, कारण तिथे विज्ञानाने खरोखर काही शिकवलं आहे. वाघ-बिबटे अभयारण्यात राहतात आणि बाहेर दिसले तर ते ‘भरकटलेले’ असतात, असं आपण शाळेत शिकलो. अकोले तालुक्यातल्या संशोधनाने हे चित्र मोडलं. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उसाच्या शेतांत आणि वस्त्यांलगत कॅमेरा ट्रॅप लावले. दर चौरस किलोमीटरला ३०० हून अधिक माणसं असलेल्या त्या खोऱ्यात, जवळ एकही राखीव जंगल नसताना, दर १०० चौरस किलोमीटरला सुमारे ५ प्रौढ बिबटे निघाले. जवळपास तितकेच तरसही. २०१३ मध्ये हे प्रसिद्ध झालं. बिबट्यांच्या विष्ठेच्या अभ्यासात त्यांच्या अन्नापैकी ८७ टक्के भाग पाळीव आणि गावातल्या प्राण्यांचा निघाला. त्यात सगळ्यात मोठा वाटा कुत्र्यांचा होता, ३९ टक्के. म्हणजे हा प्राणी जंगलातून चुकून आलेला नव्हता. तो त्याच गावचा रहिवासी होता, आणि माणसं न मारता राहत होता.

शेजारच्या जुन्नरमध्ये नेमकं उलट घडलं होतं. तिथे २००१ पासून ‘उपद्रवी’ बिबटे पकडून दूरच्या जंगलात नेऊन सोडायला सुरुवात झाली. माणसांवरचे हल्ले त्याआधी वर्षाला सरासरी ४ होते, ते १७ वर गेले, आणि त्यांतले जीवघेणे हल्ले वाढले. अनोळखी जागी सोडलेला, पिंजऱ्यात ताण सोसलेला बिबट्या अधिक धोकादायक ठरला. अभ्यास प्रसिद्ध आहे, निष्कर्ष स्पष्ट आहे. तरीही आजसुद्धा हल्ला झाला की पहिली मागणी पिंजऱ्याची असते आणि पहिलं आश्वासनही पिंजऱ्याचंच. पिंजरा दिसतो ना. वीज, संडास, घर या गोष्टी फोटोत येत नाहीत.

आता उसाच्या फडाकडे या. ऊस वर्षभर, आडसाली असेल तर दीड वर्ष उभा असतो. बिबट्याच्या मादीला पिल्लं घालायला याहून चांगली जागा नाही: दाट, सावलीची, पाण्याजवळची, कुणी आत न येणारी. दिवाळीच्या आसपास तोडणी सुरू होते, तेव्हा तिचं घर कापलं जातं. कापणारे हात बीडकडून, मराठवाड्यातून आलेले असतात. मुकादमाची उचल घेतलेले, दलित, बंजारा, वंजारी आणि इतर भूमिहीन किंवा तुटपुंज्या कोरडवाहू जमिनीची माणसं. कोपी उभी राहते ती ज्याची जमीन आहे तो सांगेल तिथे, बहुतेकदा फडाच्याच कडेला. पाचटाच्या भिंती, दाराच्या जागी साडी. बायका पहाटे तीन-चारला उठून चूल पेटवतात. शौचाला अंधारातच जावं लागतं, कारण उजेडात लाज आणि अंधारात बिबट्या, यातून रोज निवड करायची असते. आईबाप फडात उतरले की लहान मूल बांधावर बसलेलं असतं. बसलेला माणूस उंचीने शेळीएवढा दिसतो. वाकून मोळी बांधणारा, मोहफुलं वेचणारी, तेंदूपानं तोडणारी, शौचाला बसलेली, ही सगळी माणसं प्राण्याच्या नजरेला चार पायांची दिसतात, असं क्षेत्रातले लोक वारंवार सांगतात. मग कोणत्या जातीवर्गाची माणसं दिवसाचे किती तास वाकलेली असतात, हा जीवशास्त्राचाही प्रश्न झाला.

२०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्याच्या पिंपरखेड-जांबुत परिसरात थोड्या दिवसांत तिघांचा बिबट्याच्या हल्ल्यात जीव गेला. त्यात दोन लहान मुलं होती. लोकांनी महामार्ग अडवला, सरकार हललं, एका बिबट्याला गोळी घातली गेली. त्या गावकऱ्यांचा राग शंभर टक्के खरा होता आणि त्यांनी रस्ता अडवला हे योग्यच केलं. पण रास्ता रोको करायला गाव लागतं, मतदारयादी लागते, ओळखीचा सरपंच लागतो. उसाच्या टोळीकडे यातलं काहीच नसतं. टोळीत मूल मेलं तर अंत्यविधीला गावी जायचं आणि उचल फिटली नसेल तर परत यायचं. राज्यात अशा मृत्यूची भरपाई आता २५ लाख रुपये आहे. रक्कम लहान नाही. पण मृत्यूचा पंचनामा पुणे जिल्ह्यात, वारसाचा दाखला बीडमध्ये, बँकेचं खातं आणखी तिसरीकडे. या तिन्हींच्या मध्ये कोण धावणार? माझ्या फिल्डवर्कमध्ये एक बाई मला म्हणाली होती की बिबट्यापेक्षा टेबलाची भीती जास्त वाटते, बिबट्या निदान एकदाच येतो.

एक गोष्ट मला पुन्हापुन्हा जाणवते आणि तिचा नीट अभ्यास व्हावा असं वाटतं. बिबट्या कुत्र्यांमागे येतो. कुत्री कचरा, कोंबड्यांच्या शेडमधली मेलेली पाखरं आणि मेलेली जनावरं टाकतात तिथे जमतात. आणि हे सगळं गावात कुठे टाकलं जातं, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको. ज्या टोकाला आपल्या वस्त्या वसवल्या, त्याच टोकाला. मेलेली ढोरं ओढण्याचं काम आपल्या आज्यापणज्यांवर लादलेलं होतं. १९२७ च्या महाडनंतर बाबासाहेबांनी ते सोडायला लावलं. लोकांनी काम सोडलं, त्यासाठी मारही खाल्ला. जागा मात्र बदलली नाही. बिबट्या गावात शिरतो तेव्हा तो कोणत्या वाटेने शिरतो? कॅमेरा ट्रॅपच्या नकाशावर वस्तीचा थर टाकून पाहिला तर या प्रश्नाचं उत्तर मिळू शकतं. तंत्र अवघड नाही. प्रश्न पडणारी माणसं त्या खोलीत नाहीत, एवढंच.

अलीकडे याच विषयात ‘सहजीवन’ हा शब्द फार चालतो. वारली लोक वाघोबाला पुजतात, त्याच्याशी तडजोड करतात, म्हणून तिथे बिबटे टिकले, वगैरे. वाघोबा खरा आहे, त्याची देवळं आहेत, वाघबारस होते, आणि त्यात प्राण्याबद्दलचं शहाणपण आहे हे मी नाकारत नाही. पण दुसऱ्याच्या सोसण्याला संस्कृती म्हणणं फार सोयीचं असतं. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत बोलताना बाबासाहेबांनी खेड्याच्या गोडव्याला स्पष्ट नकार दिला. गाव बाहेरून आदर्श दिसतं ते ज्याला वेशीबाहेर राहावं लागत नाही त्याला. ‘सहजीवना’चंही तेच आहे. दोन पक्ष एकत्र राहतात तेव्हा त्यातल्या कुणाकडे नाही म्हणायची सोय आहे, हे आधी विचारावं.

नाही म्हणायची सोय म्हणजे काय, ते चंद्रपूर जिल्ह्यात दिसतं. १० मे २०२५ ला सिंदेवाही तालुक्यात तेंदूपानं तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघिणीच्या हल्ल्यात मेल्या. दर उन्हाळ्यात अशा बातम्या येतात आणि दर उन्हाळ्यात वनखातं एकट्याने जंगलात जाऊ नका असं सांगतं. बायका एकट्या जात नाहीत, घोळक्यानेच जातात. पण पानं तोडताना पांगावं लागतं, आणि मेमध्ये दुसरं काम नसतं. आता त्याच जिल्ह्यातलं गोंडपिपरी तालुक्यातलं पाचगाव पाहा. गोंड आणि दलित कुटुंबांचं गाव. २०१२ मध्ये ग्रामसभेला सामूहिक वनहक्क मिळाला, बांबू विकायचा अधिकार आला. हातात बांबूचा पैसा आल्यावर ग्रामसभेने तेंदूपानं तोडणं स्वतःच बंद केलं, कारण त्यासाठी जंगलाला आगी लावतात आणि झाडं छाटतात. जंगलाचा एक तुकडा तर त्यांनी आपण होऊन राखून ठेवला. त्यांना कुणी पर्यावरणाचं शिबिर घेऊन शिकवलं नव्हतं. हातात दुसरं उत्पन्न आणि निर्णयाचा हक्क होता.

हक्क मिळण्याच्या वाटेवर जात कशी उभी आहे, तेही बघा. २००६ चा वनहक्क कायदा हा आपल्याकडचा फार मोठा कायदा आहे. त्यात अनुसूचित जमातींना १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा दाखवावा लागतो. ‘इतर पारंपरिक वननिवासी’ या गटाला, ज्यात जंगलालगतचे दलित, भटके, ओबीसी येतात, तीन पिढ्यांचं म्हणजे ७५ वर्षांचं वास्तव्य सिद्ध करावं लागतं. हिशेब केला तर १९३० सालापासूनचं. त्या वर्षी नाशकात काळाराम मंदिराच्या दारात सत्याग्रह चालू होता. ज्यांना देवळात, शाळेत, चावडीच्या ओट्यावर येऊ दिलं जात नव्हतं, त्यांच्याकडे त्या सालचा सरकारी कागद मागायचा. नियम सांगतो की जाणत्या वृद्धांचा लेखी जबाबही पुरावा धरावा. टेबलापलीकडचा माणूस सांगतो, कागद आणा. हे आदिवासींविरुद्ध रडगाणं नाही. त्यांचे दावेही ढिगाने फेटाळले गेले आहेत. १३ फेब्रुवारी २०१९ ला सर्वोच्च न्यायालयाने दावे फेटाळलेल्यांना जंगलातून काढायचा आदेश दिला आणि देशभर आवाज उठल्यावर २८ फेब्रुवारीला तो थांबवला. ती याचिका एका वन्यजीव संस्थेची होती, हे विसरू नये.

जून २०२४ मध्ये राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने राज्यांना पत्र लिहून व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातली उरलेली ५९१ गावं, ६४,८०१ कुटुंबं हलवण्याच्या कामाला वेग द्यायला सांगितलं. कायद्याप्रमाणे हे स्थलांतर आधी हक्क मान्य करून, ग्रामसभेच्या संमतीने आणि स्वेच्छेनेच व्हायला हवं. गाभा क्षेत्राची गरज नाही, असं मी म्हणत नाही. २०२५ च्या सुरुवातीला ‘सायन्स’मध्ये आलेल्या अभ्यासानुसार भारतात वाघांचा वावर गेल्या दोन दशकांत ३० टक्क्यांनी वाढून सुमारे १,३८,२०० चौरस किलोमीटरवर पसरला. त्यातला सुमारे ३५,००० चौरस किलोमीटर भाग माणसांपासून मोकळा, राखीव जंगलाचा आहे आणि तिथूनच वाघ बाहेर पसरले. पण बाहेर ते ज्या भूभागात पसरले तिथे सुमारे ६ कोटी माणसं राहतात. म्हणजे वाघाचं भविष्य या ६ कोटींच्या हातात आहे. आणि धोरण मात्र अजून माणसं बाहेर काढण्याच्या भाषेतच बोलतं. कर्नाटकात बिळिगिरी रंगन डोंगरावर सोलिगांना २०११ मध्ये व्याघ्र प्रकल्पाच्या आत सामूहिक वनहक्क मिळाले. वाघ तिथून पळून गेले नाहीत.

या भाषेचा सगळ्यात भीषण वापर कुठे झाला, ते आपल्या वाचकांनी लक्षात ठेवायला हवं. सुंदरबनातलं मरिचझापी बेट. फाळणीनंतर पूर्व बंगालातून आलेल्या नामशूद्र निर्वासितांना दंडकारण्यात पाठवलं होतं, त्यातली काही गावं आपल्या गडचिरोलीत आजही आहेत. १९७८ मध्ये हजारो लोक दंडकारण्यातून परत बंगालकडे निघाले आणि मरिचझापीवर त्यांनी स्वतःच्या हाताने वस्ती, शाळा, बंधारे उभारले. सरकारने सांगितलं की ही राखीव वनाची, व्याघ्र प्रकल्पाची जागा आहे. जानेवारी १९७९ मध्ये पोलिसी लाँचेसनी बेटाला वेढा घालून अन्नपाणी तोडलं, गोळीबार झाला, मे महिन्यात वस्ती जाळून लोकांना हुसकावलं. किती मेले, यावर आजही वाद आहे. हे तेच नामशूद्र, ज्यांच्या नेत्याने, जोगेंद्रनाथ मंडलांनी, १९४६ मध्ये बाबासाहेबांना बंगालमधून संविधान सभेत निवडून आणायला जिवाचं रान केलं. अनु जलाइस यांनी मरिचझापीवर २००५ मध्ये लिहिलं, तेव्हा सुंदरबनातल्या लोकांची भावना त्यांनी नोंदवली: सरकारच्या लेखी वाघ नागरिक झाला आणि आम्ही त्याचं खाद्य. सुंदरबनात मध आणि खेकडे गोळा करायला गेलेल्यांच्या विधवांना नवरा गाभा क्षेत्रात विनापरवाना गेला म्हणून भरपाई नाकारली जायची. कोलकाता उच्च न्यायालयाला त्यात हस्तक्षेप करावा लागला.

एवढं सगळं वाचून आपल्यातले काही जण म्हणतील, मग वाघ-बिबटे हवेत कशाला, तो सवर्ण फोटोग्राफरांचा शौक आहे. चळवळीतल्या मित्रांकडून मी हे ऐकते तेव्हा मला त्रास होतो. जंगल गेलं तर आधी मरतात त्या नदीनाल्यांवर, गवतावर, मोहावर जगणारे आपलेच लोक असतात. माळरान ‘पडीक’ म्हणून सोलरला किंवा एमआयडीसीला गेलं की लांडगा जातो आणि त्याच दिवशी धनगराची वाटही जाते. आणि बिबट्याला अनुसूचीतून काढलं, त्याला मारायची मोकळीक दिली, तरी कोपीला दार लागणार नाही. मारण्याची मागणी सरकारला आवडते, कारण गोळी स्वस्त असते. दिवसा शेतीला वीज, फडाजवळ दाराचं घर आणि संडास, टोळीतल्या मुलांसाठी पाळणाघर आणि हंगामी शाळा, मेलेल्या जनावरांची आणि कोंबड्यांची नीट विल्हेवाट, पंचनामा झाला त्याच तालुक्यात भरपाईचं सगळं काम, ही यादी महाग आहे. कारखान्याला आणि सरकारला दोघांनाही. पण हल्ले कमी करायचे असतील तर त्याच दिशेने जावं लागेल, हे अकोले आणि जुन्नरचं विज्ञानच सांगतं.

आता तुमच्याविषयी. तुमच्यापैकी बरेच जण घरातले पहिले पदवीधर आहात. वनरक्षक भरतीसाठी पळायचा सराव करणारे तुमच्यात आहेत, हे मला माहीत आहे. त्या खाकीत सगळ्यात पुढे चालणारी माणसं आपल्याच घरांतून येतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोब्यात व्याघ्रगणनेसाठी पायी निघालेल्या एका महिला वनरक्षकाला वाघिणीने मारलं. वाघिणीचं नाव सगळ्यांना माहीत होतं. जंगलात ठसे वाचणारा, विष्ठा गोळा करणारा, कॅमेरा झाडाला बांधणारा माणूस बहुतेकदा आदिवासी किंवा दलित असतो, आणि पेपरमध्ये त्याची जागा शेवटच्या आभाराच्या ओळीत असते. पेपरचा लेखक दुसराच. मी समाजशास्त्रातून या विषयात आले तेव्हा एका वरिष्ठ प्राध्यापकांनी मला विचारलं, ‘यात जात कुठे आली?’ त्यांचा हेतू वाईट नव्हता. त्यांना ती खरंच दिसत नव्हती. प्राणीशास्त्र, भूगोल, जीआयएस, सांख्यिकी शिकलेल्या आपल्या मुलामुलींनी या विषयाकडे वळावं असं मला वाटतं ते यासाठी. देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था, बंगळुरूचा वन्यजीवशास्त्राचा अभ्यासक्रम, बार्टी-महाज्योतीच्या फेलोशिप, या वाटा माहीत करून घ्या. इंग्रजी अडतं, खरं आहे. बिबट्याची पाऊलवाट आणि वस्तीची पाऊलवाट या दोन्ही ओळखणारं माणूस त्या खोलीत मात्र अजून फार थोडं आहे.

तोवर एक काम पदवी असलेल्या कुणालाही जमेल. मी पाहिलेल्या पंचनाम्यांत प्राण्याच्या ठशाची लांबी-रुंदी लिहिलेली असते. मृताचा व्यवसाय कधी लिहिलेला असतो, कधी ‘मजुरी’ म्हणून उरकलेला. राहण्याची जागा, घर पक्कं की कोपी, जमीन आहे की नाही, हे नसतंच. आपल्या जिल्ह्याच्या उपवनसंरक्षकांच्या कार्यालयात माहिती अधिकाराचा अर्ज टाका. साध्या कागदावर, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, दारिद्र्यरेषेखालचं कुटुंब असेल तर तोही नको. गेल्या दहा वर्षांतले वन्यप्राण्यांच्या हल्ल्यातले मृत्यू मागा: घटनेची तारीख, वेळ, गाव, मृत व्यक्ती त्या वेळी करत असलेलं काम, भरपाई मंजूर झाल्याची तारीख आणि ती प्रत्यक्ष खात्यात जमा झाल्याची तारीख. शेवटच्या दोन तारखा वेगवेगळ्या विचारा, एकत्र विचारल्या तर एकच मिळते. ३० दिवसांत उत्तर यायला हवं. आलं नाही तर पहिलं अपील करा, आणि आलं तर त्याची एक प्रत या स्तंभाकडे पाठवा.